धुक्यात बोट चालवताना: होंडा पॉइंट १९२३ आणि आमची एक सकाळ

[भोंग्याचा एक लांब आवाज. पाचेक सेकंद. मग शांतता.]

आत्ता ऐकलात तो आवाज मी माझ्या फोनवर रेकॉर्ड केलाय. गेल्या ऑगस्टमध्ये, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, एका बोटीच्या डेकवर उभं राहून. आवाज जरा लांबून, ओल्या चादरीतून आल्यासारखा वाटतो, तो माइकचा दोष नाही. मधे धुकं होतं. हे रेकॉर्डिंग मला बरंच महागात पडलं, ते कसं ते ओघात येईलच.

आजचा भाग इतिहासाचाच आहे, काळजी करू नका. फक्त या वेळी सुरुवात माझ्या एका दिवसापासून करतो, कारण तो दिवस घडला नसता तर १९२३ सालची ती गोष्ट मी नुसती वाचून सोडून दिली असती.

तर जागा आधी डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेच्या नकाशात अगदी वर डावीकडे, वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून सॅन हुआन नावाची बेटं आहेत. सिएटलहून गाडीने दोन तास, पुढे फेरीबोट. त्यातल्या मुख्य बेटाच्या पूर्वेला ग्रिफिन बे म्हणून एक मोठा, पसरट उपसागर आहे. या बेटावर १८५९ साली एका डुकरामुळे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध व्हायचं राहिलं. एका अमेरिकन शेतकऱ्याने हडसन्स बे कंपनीचं डुक्कर आपल्या बटाट्यांत शिरलं म्हणून गोळी घालून मारलं, आणि दोन्हीकडून सैन्य येऊन बसलं. मेलं ते फक्त डुक्कर. त्यावर वेगळा भाग करायचाय, म्हणून आज तिकडे जात नाही.

बोट होती काकांची. माझे सख्खे काका नव्हेत. इकडे मराठी मंडळात आम्ही सगळेच त्यांना काका म्हणतो. मूळचे रत्नागिरीचे, मेकॅनिकल इंजिनियर, आता निवृत्त. चौतीस फुटी जुनी बोट, एक डिझेल इंजिन, पुढे झोपायची जागा, मागे जेमतेम चहा करता येईल एवढं स्वयंपाकघर. त्यांच्याबरोबर मी चौथ्यांदा गेलो होतो. मी अलिबागचा, त्यामुळे 'समुद्र मला काय नवीन' असा माझा एक आव असतो. पण खरं सांगायचं तर माझा समुद्र म्हणजे गेटवे ते मांडवा लाँच, हातात वेफर्सचं पाकीट आणि मागे सीगल. आणि धुकं म्हटलं की मला आठवतो माळशेज घाट. समुद्रावर धुकं असतं म्हणजे काय, हे मला त्या सकाळी कळलं.

ऑगस्टमध्ये तिकडे हे नेहमीचंच आहे. तिथलं पाणी उन्हाळ्यातही जेमतेम दहा-अकरा अंश सेल्सियस. पॅसिफिकवरून येणारी ओलसर हवा त्या गार पाण्यावरून सरकली की तिच्यातली वाफ थंड होऊन पाण्यालगतच तिचं धुकं बनतं, आणि हुआन दे फुका सामुद्रधुनीतून ते आत ढकललं जातं. बहुतेकदा दुपारपर्यंत विरतं. पण सकाळी उठून मी केबिनचं दार उघडलं, तर बोटीचं पुढचं टोक दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे काहीही नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं.

आम्हाला जायचं होतं फ्रायडे हार्बरला. तीन-चार सागरी मैल. एरवी पाऊण तासाचं काम.

मी म्हटलं, "काका, टॅबलेटवर जीपीएस आहे, रडार आहे. मग थांबायचं कशाला?"

काका म्हणाले, "थांबायचं कोण म्हणतंय? आधी इंजिन बघू. धुक्यात निघायचं तर इंजिनाकडे दुप्पट बघायचं."

मला तेव्हा हे म्हाताऱ्या माणसाचं कर्मकांड वाटलं. धुक्याचा आणि इंजिनाच्या ऑइलचा संबंध काय? पण संबंध आहे, आणि तो जुना आहे. तो सांगतो, मग पुन्हा बोटीवर येऊ.

जमीन दिसत नसताना आपण कुठे आहोत हे ठरवायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे हिशेब. अमुक ठिकाणाहून निघालो, अमुक दिशेला, अमुक वेगाने, इतका वेळ. म्हणजे आता इथे असणार. इंग्रजीत याला 'डेड रेकनिंग' म्हणतात. शिडाच्या जहाजावर यातली सगळ्यात कच्ची गोष्ट असायची वेग, कारण वारा काही तुमच्या नोकरीत नसतो. गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायची, वाळूच्या घड्याळाने ठरावीक सेकंद मोजायचे, तेवढ्यात किती गाठी गेल्या ते पाहायचं. 'नॉट' हे वेगाचं एकक तिथूनच आलंय. नॉट म्हणजे गाठ. आणि तासाभरात वारा बदलला की आधीचं गणित बाद.

इंजिन आलं आणि हे बदललं. गोटलिब डाइम्लरने १८८६ साली आपलं पेट्रोल इंजिन एका बोटीवर बसवून जर्मनीत नेकर नदीत चालवून पाहिलं. असं सांगतात की लोक पेट्रोलला घाबरत, म्हणून त्याने बोटीच्या काठावर तारा आणि चिनी मातीचे इन्सुलेटर लावले होते, म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं की बोट विजेवर चालते. (आमच्या धंद्यात डेमोच्या दिवशी अजूनही हेच चालतं.) पुढे १९०९ च्या सुमारास ओले एव्हिनरूडने मागे अडकवायचं मोटर-इंजिन बाजारात आणलं. हळूहळू जहाजमालक नसलेल्या, पगारी नसलेल्या, साध्या हौशी माणसाच्या हातात मोटरबोट आली.

मोटरबोटीत वेग कळतो. इंजिन मिनिटाला इतके फेरे फिरतंय म्हणजे बोट इतके नॉट जाणार, हा तक्ता एकदा बसवला की झालं. शांत पाण्यात, मोजलेल्या अंतरावर बोट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पळवायची, वेळ घ्यायची, सरासरी काढायची. काकांच्या सुकाणूशेजारी असा तक्ता अजून चिकटवलेला आहे, पेन्सिलने लिहिलेला: १२०० फेरे, ५ नॉट. म्हणजे होकायंत्र, मनगटावरचं घड्याळ आणि एका लयीत चालणारं इंजिन, एवढ्यावर हौशी माणूस धुक्यातून वाट काढू लागला. यातली पहिली दोन सहसा बिघडत नाहीत. बिघडतं तिसरं. ते अडखळलं की नुसता प्रवास थांबत नाही, तुमचा हिशेबच तुटतो, कारण त्या क्षणापासून बोट प्रवाहाच्या मर्जीने जायला लागते. धुक्यात निघताना ऑइल बघायचं ते यासाठी.

आम्ही होतो तिथून पश्चिमेला हॅरो सामुद्रधुनी ओलांडली की कॅनडाचं व्हँकुव्हर बेट लागतं. तिथे सिडनी गावाजवळ म्युरिएल वायली ब्लँशे नावाची एक बाई राहायची. १९२० च्या दशकात नवरा गेला, पदरात पाच मुलं. उन्हाळ्यात ती घर भाड्याने द्यायची आणि पाचही मुलांना घेऊन 'कप्रीस' नावाच्या पंचवीस फुटी मोटरबोटीवर राहायला जायची. पंचवीस फूट म्हणजे किती? आपली एसटी त्याहून लांब असते. अशी ती वर्षानुवर्षं ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याने वर-खाली फिरली. इंजिनाची दुरुस्ती स्वतः. रडार नाही, मदतीला कोणी नाही. तिने याचं पुस्तक लिहिलं, 'द कर्व्ह ऑफ टाइम', १९६१ साली आलं, आणि त्याच वर्षी ती वारली. या किनाऱ्यावर बोट घेऊन फिरणाऱ्यांच्या कपाटात हे पुस्तक हमखास सापडतं. काकांकडचं तर मीठपाण्याने फुगलेलं आहे.

तिच्या काळात याच किनाऱ्याने जाणाऱ्या लहान आगबोटींचे कप्तान धुक्यात आणखी एक युक्ती करत: शिट्टी वाजवायची आणि प्रतिध्वनी मोजायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण त्याला जाऊन परत यायचं असतं, म्हणून एक सेकंद म्हणजे कडा सुमारे १७० मीटरवर. डावीकडून तीन सेकंदांनी आणि उजवीकडून तीन सेकंदांनी आला, म्हणजे खाडीच्या मधोमध आहोत. मुरलेले कप्तान नुसत्या प्रतिध्वनीच्या पोतावरून ओळखायचे म्हणे, समोर उभा कातळ आहे की झाडी. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की यासाठी आधी स्वतः गप्प बसावं लागतं.

आता भोंगा. किनाऱ्यावरच्या वाफेच्या भोंग्याचं श्रेय जातं रॉबर्ट फाउलिसला. जन्माने स्कॉटिश, राहायला कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये. तिथल्या सेंट जॉन बंदराबाहेर पार्ट्रिज बेटावर त्याच्या कल्पनेचा भोंगा बसला १८५९ साली, म्हणजे आपल्या डुकराच्याच वर्षी. दंतकथा अशी की धुक्यातून घरी येताना त्याला लांबून मुलीचा पियानो ऐकू आला, आणि लक्षात आलं की वरचे सूर विरतायत, खर्ज तेवढा पोचतोय. खरं-खोटं देव जाणे, पण तत्त्व बरोबर आहे. जहाजांचे भोंगे खर्जात असतात ते त्यासाठीच. बिचाऱ्याने पेटंट घेतलं नाही आणि १८६६ मध्ये गरिबीत गेला.

पण ऐकू येणं हीसुद्धा भरवशाची गोष्ट नाही. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७३ साली इंग्लंडच्या डोव्हरजवळ साउथ फोरलंडला भोंगे, शिट्ट्या, तोफा यांचे भरपूर प्रयोग केले. त्याला आढळलं की लख्ख उन्हातसुद्धा कधीकधी आवाज मधेच मरतो, आणि दाट धुक्यात कधीकधी छान लांब जातो. सगळा खेळ हवेच्या थरांचा. त्यामुळे भोंगा ऐकू आला तर जहाज आहे, एवढंच खरं. ऐकू नाही आला तर जहाज नाही, असं म्हणता येत नाही.

बरं, परत बोटीवर.

काकांनी कामं वाटून दिली. ते स्वतः ऑइल, पट्टा, आणि डिझेलच्या फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी साचलंय का ते बघणार. माझ्याकडे समुद्राच्या पाण्याची गाळणी. बोटीचं इंजिन गार ठेवायला समुद्राचंच पाणी वापरतात. बोटीच्या बुडाला एक भोक असतं, त्यावर कॉक. तिथून पाणी गाळणीतून पंपात जातं, इंजिनाची उष्णता घेऊन मागच्या धुराड्यातून धुराबरोबर बाहेर पडतं. गाळणीत समुद्री गवत अडकतं, ते काढायचं. पद्धत सोपी: कॉक बंद. झाकण काढ. जाळी धू. झाकण लाव. कॉक चालू.

मी कॉक बंद केला, झाकण काढलं, हिरव्या गवताचा लगदा निघाला, जाळी धुतली, झाकण घट्ट बसवलं. आणि नेमका तेव्हा तो भोंगा वाजला. फ्रायडे हार्बरला येणारी फेरी असणार. मला पॉडकास्टसाठी असा आवाज कधीपासून हवा होता. मी फोन घेऊन धावत वर डेकवर गेलो. नियमाप्रमाणे चालतं जहाज धुक्यात दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा देतं, म्हणून पुढच्यासाठी श्वास रोखून उभा राहिलो. तिसरा सगळ्यात स्वच्छ आला. तोच तुम्ही सुरुवातीला ऐकलात.

खाली येऊन हात पुसले आणि काकांना सांगितलं, "गाळणी झाली."

९ वाजून १२ मिनिटांनी नांगर उचलला. काकांनी वहीत लिहिलं: वेळ, दिशा, १२०० फेरे, ५ नॉट. मी टॅबलेटकडे बोट दाखवून हसलो. त्यावर आमची बोट लाल बाणासारखी निळ्यावरून सरकत होती, अगदी सुबक. काका म्हणाले, "तुला माहितेय का, पूर्वी हे जीपीएस आम्हाला मुद्दाम बिघडवून मिळायचं." ते खरंच आहे. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकन लष्कर जाणूनबुजून चूक मिसळायचं, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. १ मे २००० च्या रात्री ते बंद केलं. काकांना तारीख पक्की लक्षात आहे, कारण महाराष्ट्र दिन.

आठ-नऊ मिनिटं गेली असतील. काका एकदम म्हणाले, "आवाज ऐक."

मी भोंगा ऐकायला कान लावले.

"तो नाही. आपला."

इंजिनाचा आवाज जरा घोगरा झाला होता. धुराड्यातून पाणी पडताना एक फसफस सतत येत असते, ती नव्हती. ते मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त काटा पाहिला. एरवी १८० फॅरनहाइटवर चिकटलेला असतो, तो २०० च्या पुढे गेला होता.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "काका, सेन्सर गंडला असेल. गाळणी तर मी आत्ता साफ केलीय."

हे वाक्य लक्षात ठेवा, आता आपण १९२३ मध्ये जाणार आहोत.

८ सप्टेंबर १९२३. अमेरिकन नौदलाच्या चौदा विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोला निघाल्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे, वीस नॉटांनी, एकामागे एक. सगळ्यात पुढे 'डेल्फी'. तिच्यावर ताफ्याचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉटसन आणि मार्ग ठरवणारे लेफ्टनंट कमांडर डोनाल्ड हंटर. बाकीच्यांनी फक्त पुढच्याच्या मागे जायचं. संध्याकाळी धुकं. किनारा दिसत नाही. हंटर यांचा डेड रेकनिंगवर हात बसलेला, आणि त्यांच्या हिशेबाने रात्री नऊला ते पॉइंट आर्ग्वेलोच्या पुढे पोचले होते. तिथून डावीकडे वळलं की सांता बार्बरा चॅनेल.

आता, पॉइंट आर्ग्वेलोला रेडिओने दिशा सांगणारं एक केंद्र होतं. त्या काळी ही नवी कोरी गोष्ट. जहाजाने संदेश पाठवायचा, केंद्राने सांगायचं की तुम्ही आमच्यापासून अमुक दिशेला आहात. केंद्र सांगत होतं की तुम्ही अजून उत्तरेला आहात, आर्ग्वेलो यायचंय. पण त्या यंत्रणेत एक उणीव होती: समोरची दिशा आणि बरोबर उलटी दिशा यांत तिची गफलत होऊ शकायची. मग 'डेल्फी'वर अर्थ असा लावला गेला की केंद्र उलटं सांगतंय. हिशेब तर पक्का आहे. खोली मोजून खात्री करता आली असती, पण शिशाचं वजन टाकून खोली मोजायची तर वेग कमी करावा लागतो, आणि या प्रवासात वेग राखणं हीच परीक्षा होती. वेग कमी केला नाही.

नऊ वाजता डावीकडे वळले. पाच मिनिटांनी 'डेल्फी' वीस नॉटांनी खडकावर गेली. मागोमाग आणखी सहा. जागेचं नाव होंडा पॉइंट. मोटारसायकलवाली होंडा नव्हे. स्पॅनिशमध्ये 'ओंडा' म्हणजे खोल. सात विनाशिका कायमच्या गेल्या, तेवीस नौसैनिक मेले, त्यातले वीस एकट्या 'यंग'वरचे. ती मिनिटा-दीड मिनिटातच आडवी झाली होती. आणखी दोन जहाजं खडकांना टेकून कशीबशी सुटली. एवढी जहाजं शांततेच्या काळात एका रात्रीत अमेरिकन नौदलाने दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी गमावलेली नाहीत. आठवडाभर आधी, १ सप्टेंबरला, जपानमध्ये कांतोचा मोठा भूकंप झाला होता. त्याने समुद्राचे प्रवाह बिघडले आणि हिशेब चुकला, असा एक तर्क बऱ्याच ठिकाणी मांडला जातो. वॉटसन यांनी खटल्यात सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. हे त्या काळीही लोकांना विशेष वाटलं होतं.

मी या घटनेबद्दल आधी वाचलं होतं, तेव्हा माझी प्रतिक्रिया अगदी ठरलेली होती. रेडिओ सांगतोय आणि तुम्ही ऐकत नाही? किती हा आडमुठेपणा. नव्या यंत्रापुढे जुनी खोडं, वगैरे. आमच्या पिढीला असा निष्कर्ष फार आवडतो, कारण त्यात आपण नेहमी यंत्राच्या बाजूला असतो. पण हंटर काही यंत्रद्वेष्टे असायची गरज नव्हती. एका बाजूला दिवसभर स्वतःच्या हाताने केलेलं गणित. दुसऱ्या बाजूला एक आकडा, जो त्या गणिताशी जुळत नाही, आणि जो चुकू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी आकड्यातली चूक शोधणं खूप सोपं असतं.

मीही काट्यातली चूक शोधत होतो. माझं गणित होतं: गाळणी साफ केली, म्हणजे पाणी येतंय.

काकांनी माझ्याशी वाद घातला नाही. त्यांनी गिअर सोडला, खोली पाहिली, चाळीस फूट, आणि म्हणाले, "नांगर टाक. आत्ताच." नांगर तळाला लागेपर्यंत त्यांनी इंजिन चालू ठेवलं नाही, लगेच बंद केलं. त्या शांततेत साखळीची खडखड काय भयंकर वाटली. भरती-ओहोटीचं पाणी तिकडे जोरात चालतं. दक्षिणेला कॅटल पॉइंटच्या खिंडीत ते चार नॉटांच्याही पुढे जातं. उपसागरात तेवढं नाही, तरी टॅबलेटवरचा लाल बाण इंजिन बंद असतानाही सरकत होता. बाजूला. नांगर धरेपर्यंत मी त्या बाणाकडे बघत होतो. आपण कुठे आहोत हे त्यावर मीटरमध्ये कळत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग काका खाली वाकले, फळी उचलली, आणि कॉककडे बघून माझ्याकडे बघितलं. बोलले नाहीत. कॉकची दांडी आडवी होती.

पाणी न मिळाल्याने पंप कोरडा फिरला होता. त्याच्या आत रबरी पाकळ्यांचं एक चक्र असतं, इम्पेलर. ते पाण्यात फिरायला बनवलेलं असतं. पाणीच त्याचं वंगण. कोरडं फिरलं की मिनिटांत जळतं. काकांनी पंपाचं झाकण उघडून ते बाहेर काढलं. सहा पाकळ्या असायला हव्या होत्या. चार होत्या, त्यातली एक अर्धी.

"नवीन आहे माझ्याकडे," काका म्हणाले, "पण हे अडीच तुकडे सापडल्याशिवाय सुरू करायचं नाही. ते पुढे जाऊन नळीत बसले तर पुन्हा तेच. तू वर जा. पातेलं वाजव."

हाही नियमातलाच भाग. धुक्यात नांगरलेल्या जहाजाने दर मिनिटाला घंटा वाजवायची असते. बारा मीटरपेक्षा लहान बोटीला ती सक्ती नाही, पण काहीतरी आवाज दोन मिनिटांच्या आत करत राहावाच लागतो. आमच्याकडची घंटा म्हणजे आदल्या रात्री खिचडी केलेलं स्टीलचं पातेलं आणि झारा.

मी चाळीस मिनिटं पातेलं बडवलं. पाच सेकंद बडवायचं, मग ऐकायचं. सुरुवातीला हसू येत होतं. मग एक मोटर ऐकू आली. बारीक, उंच सुरातली, लहान बोटीची. डावीकडून. मग उजवीकडून. मग खात्रीने सांगतो, ती सगळीकडून येत होती. मोठी होत होती. मी वाजवायला लागलो ते थांबलोच नाही, ऐकायचं विसरलो, झाऱ्याची दांडी वाकली. आणि एकदम ती मोटर मंदावली. धुक्यात एक करडा ठिपका झाला, त्याची बोट झाली, तीसेक मीटरवरून एक माणूस खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून गेला. त्याने हात वर केला. मी झारा वर केला. पुन्हा पांढरं.

नंतर टिंडल वाचताना मला त्या माणसाची आठवण आली. त्याला पातेलं नेमकं कुठून ऐकू आलं असेल?

खाली काकांना दोन तुकडे पंपाच्या पुढच्या नळीत मिळाले. तिसरा, सगळ्यात लहान, पाणी जिथे इंजिनाची उष्णता घेतं त्या नळकांड्याच्या तोंडाशी अडकला होता. त्यांनी सगळे तुकडे फडक्यावर ठेवून फाटक्या चक्राशी जुळवून पाहिले, मी लहानपणी फुटलेली कपबशी आईला दिसायच्या आधी जुळवायचो तसे. कडा बसल्या. मगच नवीन इम्पेलर आत गेला.

मी म्हटलं, "काका, माझी चूक झाली. मी भोंगा रेकॉर्ड करायला वर गेलो."

"हं," काका म्हणाले. "चांगला आला का?"

"काय?"

"भोंगा."

मला काय बोलावं कळेना. त्यांनी स्टोव्हवर आधण ठेवलं.

अकराला निघालो. मी मागे वाकून आधी धुराड्यातून पाणी पडतंय ना ते पाहिलं. काटा १८० वर आला आणि थांबला. धुकं होतंच, जरासं वरून उजळलेलं. फ्रायडे हार्बरचे धक्के आधी ऐकू आले, दोरखंडांची करकर आणि कुणाचा तरी कुत्रा, आणि मग दिसले. फेरीच्या धक्क्याला भोंगा देणारी बोट लागलेली होती. उन्हात ती अगदीच साधी दिसत होती, हिरवी-पांढरी, गाड्यांनी भरलेली.

रडारबद्दल एक गोष्ट राहिली, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी कमेंटमध्ये विचारतंच. हो, रडारने खूप फरक पडला. पण २५ जुलै १९५६ च्या रात्री 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन प्रवासी जहाजं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर धुक्याच्या भागात एकमेकांवर आदळली, तेव्हा दोघांकडे रडार होतं. दोघांनीही एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. दोघंही जोरात चालली होती. ५१ माणसं गेली. आजच्या समुद्री नियमांत, जे १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, एक कलम आहे: अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नका. आणि त्यात अपुऱ्या रडार माहितीचा वेगळा, नाव घेऊन उल्लेख आहे. कायद्यात इतका नेमका टोमणा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

संध्याकाळी धक्क्यावर काकांची वही मी चाळली. त्या सकाळच्या पानावर दिशा, फेरे, वेळ, आणि ९:२१ ला एक ओळ: 'इंजिन बंद. नांगर. ४० फूट.' खाली: 'इम्पेलर बदलला. कॉक बंद राहिला होता.' कोणाकडून, ते लिहिलेलं नव्हतं. मी पेन्सिल घेऊन पुढे माझं नाव लिहिलं. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बरं. आता तारीख पण टाक."

त्यानंतर मी दोनदा गेलोय. आता एक नवीन पद्धत आहे. गाळणी साफ करायची तर आधी इंजिनाची किल्ली काढून खाली न्यायची आणि बंद केलेल्या कॉकच्या दांडीला अडकवायची. कॉक उघडल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि किल्लीशिवाय वर काही सुरू होत नाही. ही काकांची कल्पना नाही, तिकडचे बरेच बोटवाले असंच करतात. काकांनी फक्त किल्लीला लाल दोरी बांधलीय, आणि दोरीच्या टोकाला त्या जुन्या इम्पेलरची अर्धी पाकळी.